एप्रिल-मेमध्ये रेंडर लावला की कॉम्प्युटर बंद पडतो: तिसऱ्या उन्हाळ्यात सापडलेलं कारण

आमच्या घरचा डेस्कटॉप सलग तीन उन्हाळे बंद पडला. पद्धत ठरलेली. दुपारी १ ते ४ च्या मध्ये रेंडर (एडिट केलेल्या व्हिडिओची अंतिम फाइल काढणं) लावायचा, पंधरा-वीस मिनिटं सगळं सुरळीत चालायचं आणि मग कुणी प्लग उपसावा तसा स्क्रीन काळा, पंखे गप्प. ना निळा स्क्रीन, ना एखादी सूचना. लगेच बटण दाबलं तरी ढिम्म. दहा मिनिटांनी पुन्हा दाबलं की जणू काही झालंच नाही असा सुरू.

दादा लग्नाचं शूटिंग करतो, एडिटिंग मी घरी करते. आम्ही अकोल्याचे. अक्षय्य तृतीयेनंतरची लग्नसराई आणि इथलं सर्वांत कडक ऊन एकाच वेळी येतात, म्हणजे कॉम्प्युटरवर कामाचा ताण आणि खोलीतला उकाडा दोन्ही एकाच महिन्यात शिगेला पोचतात. त्या दिवसांत मशीन बंद पडलं तर कुणाच्या तरी लग्नाचा व्हिडिओ लांबतो, म्हणून मी यावर बराच वेळ घालवला. विदर्भ, खानदेश, मराठवाड्यात किंवा अशाच कोरड्या उन्हाळ्याच्या गावात राहणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

मशीन साधं आहे. रायझन ५ ३६०० प्रोसेसर आणि त्यासोबत डब्यात आलेलाच हीटसिंक-पंखा, बी४५० मदरबोर्ड, जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम, आणि कॅबिनेटसोबत स्वस्तात मिळालेला ४५० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे घरातल्या लाइनवरून मशीनच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. एक खुलासा आधीच करते: आपल्याकडे कूलर म्हटलं की खिडकीतला पाण्याचा कूलर डोळ्यांसमोर येतो, आणि या गोष्टीत त्याचाही वाटा आहे. म्हणून पुढे कूलर म्हणजे खोलीतला कूलर. प्रोसेसरवर बसतो त्याला मी हीटसिंकच म्हणेन.

पहिल्या दोन वर्षी काय झालं

२०२२ च्या मे महिन्यात मशीन पहिल्यांदा बंद पडू लागलं. दुकानात नेलं, त्यांनी धूळ काढली, विंडोज नव्याने टाकली. घरी आणलं, चाललं. आम्ही निश्चिंत झालो. २०२३ च्या एप्रिलमध्ये तेच पुन्हा सुरू. या वेळी दुसऱ्या एका दुकानात रॅम खराब असल्याचं निदान झालं. मेच्या अखेरीस नवी रॅम घातली आणि मशीन पुन्हा ठणठणीत.

आता मागे वळून पाहिलं की स्पष्ट दिसतं: दोन्ही वेळी दुरुस्तीनंतर आठ-दहा दिवसांत मृग लागला होता. पावसाची पहिली सर आली, खोलीचं तापमान आठ-दहा अंशांनी उतरलं आणि कॉम्प्युटर आपोआप बरा झाला. श्रेय मात्र एकदा विंडोजला गेलं आणि एकदा रॅमला. उन्हाळ्यातल्या बिघाडाची खरी अडचण हीच आहे. मेच्या शेवटी काहीही बदला, जूनमध्ये ते लागू पडल्यासारखंच दिसतं. जानेवारीत तपासायला घेतलं तर मशीन निर्दोष. म्हणून २०२४ मध्ये ठरवलं की मेमध्येच, भर दुपारी, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि आकडे लिहून ठेवायचे.

बंद नेमका कसा पडतो, ते आधी नीट बघा

कॉम्प्युटर बंद पडतो एवढंच सांगितलं तर समोरचा माणूस अंदाजानेच काहीतरी बदलणार. बंद पडण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या असतात आणि प्रत्येकीचा रोख वेगळ्या भागाकडे असतो.

प्रोसेसर तापतो तेव्हा तो एकदम मान टाकत नाही. आधी स्वतःचा वेग कमी करतो. रायझन ५ ३६०० ची कमाल मर्यादा ९५ अंश सेल्सिअस आहे. तिथे पोचल्यावर तो क्लॉक (म्हणजे कामाचा वेग) उतरवून तापमान तिथेच रोखून धरायचा प्रयत्न करतो. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरांत हीच मर्यादा १०० अंशांची असते. म्हणजे उष्णतेचं पहिलं लक्षण मंदावणं हे आहे. नेहमी ४० मिनिटांत होणारा रेंडर ५० मिनिटांवर गेला, तर तिथे संशय घ्यावा. अगदी हीटसिंक सुटलेला असेल किंवा त्याचा पंखाच बंद असेल, तर मात्र प्रोसेसर वीज तोडायला लावतो.

निळा स्क्रीन येऊन मशीन रीस्टार्ट होत असेल तर रॅम, ड्रायव्हर किंवा ओव्हरक्लॉकिंगकडे (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्याकडे) बघा. स्क्रीन काळा झाला पण पंखे चालूच, उलट ग्राफिक्स कार्डाचे पंखे जोरात घोंगावायला लागले, तर ग्राफिक्स कार्ड तपासा. आणि काहीही मंदावल्याशिवाय, प्लग ओढल्यासारखं सगळं एका क्षणात थांबलं तर एसएमपीएस, घरातली लाइन, यूपीएस किंवा सैल वायर. आमचा प्रकार हा शेवटचा होता. दोन वर्षं तो डोळ्यांसमोर होता, पण उन्हाळा आहे म्हणजे प्रोसेसरच तापत असणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मीसुद्धा.

विंडोजच्या घडामोडींच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, अशा वेळी कर्नल-पॉवर ४१ ही नोंद सापडते आणि बरेच जण तिलाच आजार समजतात. मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं, एवढाच तिचा अर्थ. पण तिच्या तपशिलात बगचेककोड नावाचा आकडा असतो, तो बघण्यासारखा आहे. तो शून्य नसेल तर विंडोज कोसळली होती. शून्य असेल तर बहुधा विंडोजला काही कळायच्या आतच वीज गेली. आमच्या प्रत्येक नोंदीत तो शून्य होता. रॅम बदलण्यापूर्वी कुणी हे पाहिलं असतं तर ते पैसे वाचले असते.

तापमानापेक्षा फरक मोजा

तापमान बघायला एचडब्ल्यूइन्फो हा मोफत प्रोग्राम पुरेसा आहे. त्यात सेन्सर उघडून प्रोसेसरचं तापमान, क्लॉक आणि वॅट या तीन ओळींवर लक्ष ठेवा. पण खोलीत एक साधा थर्मामीटर ठेवला नाही तर या आकड्यांना अर्थ नाही.

कारण सरळ आहे. हीटसिंक स्वतः थंडावा तयार करत नाही, तो प्रोसेसरची उष्णता आजूबाजूच्या हवेत सोडतो. एवढ्या वॅटला एवढा फरक, हे त्याचं ठरलेलं असतं. खोली १० अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण १० अंशांनी वर जाणार. कुणी सांगितलं की माझा प्रोसेसर ७५ अंशांवर असतो, तर ते महाबळेश्वरच्या डिसेंबरातले ७५ आहेत की अकोल्याच्या मेमधले, हे कळल्याशिवाय तो हीटसिंक चांगला की वाईट ते ठरत नाही. प्रोसेसरचं तापमान वजा खोलीचं तापमान, हा फरक मात्र ऋतूबरोबर फारसा बदलत नाही. त्यामुळे पावसाने फसवणूक होत नाही.

मी एकाच दिवशी दोन मोजमापं घेतली. पहाटे साडेपाचला खिडक्या उघड्या असताना खोली २९ अंश, प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारा सिनेबेंच हा प्रोग्राम सतत चालवल्यावर प्रोसेसर ८९. फरक ६०. दुपारी २ वाजता खोली ३६, प्रोसेसर ९५ वर जाऊन अडकलेला आणि क्लॉक उतरलेला. त्याला ९६ व्हायचं होतं, पण मर्यादा आडवी आली. म्हणजे हीटसिंकची कामगिरी सकाळी आणि दुपारी सारखीच होती, बदलली होती ती हवा.

आणि तरीही मशीन बंद पडलं नाही. ४० मिनिटं सिनेबेंच चाललं, हळू चाललं, पण चाललं. मग फक्त ग्राफिक्स कार्डावर ताण देऊन पाहिला. ते ८० अंशांच्या खालीच राहिलं, तेही चाललं. त्यानंतर नेहमीचा रेंडर लावला. दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या प्रोग्राममध्ये आमच्या कामाला प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही राबतात. १८ मिनिटांत मशीन बंद.

एकट्याने दोघांपैकी कुणीच मशीन पाडत नाही, दोघं मिळून पाडतात. मग दोघांना जो वीज पुरवतो त्याच्याकडे बघायला हवं. ही चाचणी घरच्या घरी, एक पैसाही न घालवता होते. कुठलाही भाग विकत घेण्याआधी ती करा, एवढी माझी आग्रहाची विनंती आहे. मात्र एसएमपीएस स्वस्तातला असेल तर फरमार्क आणि प्राइम९५ हे ताण देणारे प्रोग्राम एकत्र लावून त्याची परीक्षा घेऊ नका. तो जाताना सोबत मदरबोर्डही नेऊ शकतो. आपलं रोजचं कामच चाचणी म्हणून पुरेसं आहे.

एसएमपीएस

मशीन बंद पडल्या पडल्या कॅबिनेटच्या मागे हात धरला तर एसएमपीएसच्या जाळीतून इस्त्रीसारखी झळ येत होती. आमच्या कॅबिनेटमध्ये तो तळाशी बसतो आणि त्याचा पंखा खालून हवा ओढतो. खालची जाळी बाहेर काढली तर तिच्यावर नमद्यासारखा जाड थर. उन्हाळ्यात आमच्याकडे गच्चीवर गाद्या पिंजून घेतात. तो कापूस, रस्त्याची धूळ आणि खाली अंथरलेल्या सतरंजीचे धागे, सगळं तिथे साचलं होतं. त्यात कॅबिनेटचे पाय सतरंजीत रुतल्यामुळे हवा आत यायला फटही राहिली नव्हती.

जाळी धुतली, सतरंजी काढली, कॅबिनेट लाकडी पाटावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी रेंडर १८ ऐवजी ५० मिनिटं चालला आणि मग बंद पडला. दिशा बरोबर होती, पण प्रश्न पूर्ण सुटला नव्हता.

मग एसएमपीएसच्या बाजूचं स्टिकर वाचलं. तीन वर्षांत कुणीच वाचलं नव्हतं. वर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट, पण खालच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात फक्त २० अँपिअर. १२ गुणिले २० म्हणजे २४० वॅट. आजच्या कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोन्ही मोठे ग्राहक १२ व्होल्टवरच जगतात. उरलेले वॅट ५ आणि ३.३ व्होल्टच्या नावावर लिहिलेले असतात आणि त्यांचा आपल्याला फारसा उपयोग नसतो. आता आमची गरज बघा. रायझन ५ ३६०० च्या डब्यावर ६५ वॅट लिहिलेलं असलं तरी पूर्ण ताणाखाली तो मदरबोर्डवरच्या आपल्या सॉकेटमधून ८८ वॅटपर्यंत घेतो. मदरबोर्डच्या व्हीआरएममध्ये (१२ व्होल्ट उतरवून प्रोसेसरला देणाऱ्या भागात) थोडी वीज वाया जाते, म्हणजे सुमारे १०० धरा. ग्राफिक्स कार्डाचे १२५. पंखे वगैरे मिळून आणखी १०. बेरीज २३५. काठोकाठ भरलेला तांब्या, जरा हिंदकळला की सांडणार.

थंडीत तो सांडत नव्हता, कारण एसएमपीएसची क्षमता तापमानावर अवलंबून असते. चांगल्या एसएमपीएसच्या माहितीत स्पष्ट लिहिलेलं असतं की पूर्ण वॅट ४० अंशांपर्यंत किंवा ५० अंशांपर्यंत मिळतील. स्वस्तातल्यांच्या स्टिकरवर तापमानाचा उल्लेखच नसतो. आपल्याकडे कॅबिनेटच्या पोटातली हवा मेमध्ये सहज ४५ अंशांवर जाते. त्यामुळे विकत घेताना ५० अंशांवाला बघून घ्या. वॅटच्या मोठ्या आकड्यापेक्षा आणि डब्यावरच्या चकचकीत चित्रापेक्षा ही एक ओळ जास्त महत्त्वाची आहे.

बंद पडल्यावर लगेच बटण दाबूनही सुरू न होणं हीसुद्धा खूणच होती. संरक्षण लागलं की एसएमपीएस स्वतःला कुलूप घालून घेतो. कधी तो निवल्यावर ते आपोआप निघतं, कधी मागचा स्विच बंद करून, थोडं थांबून, पुन्हा चालू करावा लागतो.

खात्रीसाठी दादाच्या एका मित्राकडून चांगला ५५० वॅटचा एसएमपीएस दोन दिवसांसाठी उसना आणला. २६ मे, नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) नुकताच लागलेला. दुपारी १ ला रेंडर लावला, ४ वाजेपर्यंत एकामागोमाग एक तीन फाइली काढल्या. खोली ३८ अंशांवर गेली, पण मशीन एकदाही बंद पडलं नाही. त्यानंतरच स्वतःचा नवा घेतला. त्याच्या १२ व्होल्टवर ४५ अँपिअर आहेत, म्हणजे ५४० वॅट. खर्च नव्या रॅमच्या आसपासच आला.

बदलताना दोन गोष्टींची काळजी घ्या. जुना एसएमपीएस स्वच्छ करण्यासाठी उघडू नका. प्लग काढल्यानंतरही त्यातल्या कपॅसिटरांत जीवघेणी वीज साठलेली असू शकते. बाहेरूनच ब्लोअर मारायचा, आणि तोही पंख्याचं पातं काडीने अडवून, नाहीतर पंखा भलत्या वेगाने फिरून त्याचं बेअरिंग जातं. दुसरी गोष्ट, मॉड्युलर, म्हणजे सुट्या निघणाऱ्या केबलींचा एसएमपीएस असेल तर जुन्याच्या केबली नव्याला लावू नका, बसत असल्या तरी. एसएमपीएसच्या बाजूची पिनांची मांडणी मॉडेलागणिक वेगळी असू शकते. चुकीच्या केबलने हार्ड डिस्क जळाल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

लाइन, यूपीएस, इन्व्हर्टर

मशीन दुपारीच का पडायचं, याला उकाड्याखेरीज आणखी एक कारण निघालं. ओळखीच्या वायरमन काकांना बोलावून दुपारी २ वाजता सॉकेटवरचा व्होल्टेज मोजून घेतला. १९६ व्होल्ट. काका म्हणाले, "ताई, दुपारून या लायनीत दम नाही राहत. घरोघरी कूलर, एसी, फ्रिज, सगळं एकदमच ओढते." रात्री ११ ला तोच आकडा २२५ होता. आमच्या जुन्या एसएमपीएसवर २०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं होतं, म्हणजे दुपारी तो आपल्या हद्दीबाहेरच चालत होता. व्होल्टेज उतरला की तेवढेच वॅट द्यायला एसएमपीएस लाइनमधून जास्त करंट ओढतो, आणि करंट वाढला की तो आतून जास्त तापतो. आधीच तापलेल्याला आणखी तापवणं. १०० ते २४० व्होल्टवर चालणारा एसएमपीएस अशा लाइनीवर बराच निवांत असतो.

रात्रीच्या वेळीही खोली ३४ अंशांवर होती, हे सांगून ठेवते. वरच्या मजल्यावरचा स्लॅब दिवसभर तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत झळ सोडत राहतो. रात्री थंडावा असेल म्हणून रेंडर रात्री लावायचा, हा उपाय तळमजल्यावर चालतो. वरच्या मजल्यावर पहाट गाठावी लागते.

तुमच्याकडे यूपीएस असेल तर एकदा तो बाजूला काढून कॉम्प्युटर थेट सॉकेटवर चालवून बघा. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो. त्याची बॅटरी उकाड्यात लवकर जाते आणि मग लाइन क्षणभर हलली तरी तो भार सोडून देतो. दोष मात्र कॉम्प्युटरच्या माथी येतो.

घराच्या इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर असेल तर इन्व्हर्टरवर एक छोटा खटका शोधा. बऱ्याच इन्व्हर्टरांत यूपीएस मोड आणि साधा मोड असे दोन पर्याय असतात. साध्या मोडमध्ये लाइन गेल्यावर बॅटरीवर जायला इतका वेळ लागतो की दिवे-पंख्यांना कळत नाही, पण कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. शेजारच्या काकूंच्या मुलाचा कॉम्प्युटर लाइन हलली की रीस्टार्ट व्हायचा, तो केवळ हा खटका सरकवून थांबला. यूपीएस मोडमध्ये मात्र व्होल्टेज बराच उतरला की इन्व्हर्टर लगेच बॅटरीवर जातो, त्यामुळे लाइन फारच कमी येत असेल तर बॅटरी दुपारीच संपेल.

कूलर आणि खारं पाणी

हा भाग अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या वाचकांनी मुद्दाम वाचावा. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी किती खारं असतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको. तेच पाणी कूलरमध्ये घातलं की गवताच्या ताट्यांवर पांढरे क्षार चढतात. पंख्याच्या जोराने त्या पाण्याचे बारीक तुषार उडतात आणि समोर जे असेल त्यावर बसतात. आमचं टेबल कूलरच्या बरोबर झोतात होतं, मुद्दामच ठेवलेलं, मशीन थंड राहावं म्हणून. बाजूचं पॅनल काढून पाहिलं तर हीटसिंकच्या पात्यांवर आणि मदरबोर्डच्या कडेला पांढरी पूड दिसली. कोरड्या हवेत तिने काही बिघडत नाही. जूनमध्ये हवा दमट झाली की हेच क्षार ओलावा धरतात, त्यातून वीज झिरपते आणि तांबं गंजतं.

कूलर बंद करा असं मी म्हणत नाही. कूलरने आमची खोली चार-पाच अंशांनी उतरते आणि वर सांगितल्याप्रमाणे प्रोसेसरही तितकाच उतरतो. उन्हाळ्यात यापेक्षा स्वस्त उपाय नाही. फक्त कॅबिनेट झोताच्या बाजूला, भिंतीच्या आडोशाला सरकवा आणि समोरची खिडकी उघडी ठेवा. कूलरची हवा बाहेर पडायला वाट नसेल तर खोली नुसती दमट होते, थंड होत नाही. जमलं तर कूलरला नळाचं पाणी वापरा.

उरलेली कामं

एसएमपीएसने बंद पडणं थांबलं, पण प्रोसेसर ९५ वर अडकून मंदावणं बाकी होतं.

सर्वांत मोठा फायदा सर्वांत सोप्या गोष्टीने झाला. कॅबिनेट टेबलाच्या खालच्या कप्प्यात, पाठ भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. थर्मामीटर त्या कप्प्यात ठेवला तर खोली ३६ असताना तिथे ४२. मागून निघालेली गरम हवा भिंतीला आपटून पुढे येत होती आणि मशीन तीच पुन्हा आत ओढत होतं. कॅबिनेट बाहेर काढून भिंतीपासून वीतभर दूर ठेवल्यावर फरक ६० वरून ५४ वर आला. काहीही खर्च न करता.

मग धूळ आणि थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधला उष्णता पोचवणारा लेप. आमच्या रायझनसारख्या एएम४ सॉकेटवाल्यांनी इथे सांभाळा. या प्रोसेसरच्या पिना त्याच्या स्वतःच्या बुडाला असतात, आणि जुनी पेस्ट सुकून गोंदासारखी धरते. हीटसिंक सरळ वर उपसला तर प्रोसेसर सॉकेटमधून ओढून निघतो आणि पिना वाकतात. म्हणून आधी मशीन दहा-पंधरा मिनिटं कामाला लावून पेस्ट कोमट होऊ द्यायची, मग बंद करून, प्लग काढून, स्क्रू सोडवायचे. हीटसिंक हळूहळू डावीकडे-उजवीकडे फिरवत सैल झाला की मगच उचलायचा. रायझन ५ ३६०० सोबत येणारा हीटसिंक मदरबोर्डच्या मागच्या धातूच्या पट्टीत चार स्क्रूंनी बसतो. स्क्रू सोडले की ती पट्टी मागून गळून पडते, तेव्हा मशीन आडवं ठेवा आणि मागून हात लावून ठेवा.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. हातांचं सॅनिटायझर वापरू नका, त्यात ग्लिसरीन असतं आणि त्याचा थर मागे राहतो. नवी पेस्ट मधोमध अख्ख्या हरभऱ्याएवढी पुरते, दाबाने ती आपोआप पसरते. स्क्रू एकेक पूर्ण न आवळता समोरासमोरच्या जोडीने थोडेथोडे आवळा. पेस्ट आणि सफाई मिळून फरक ५४ वरून ४९ झाला.

पंख्यांच्या दिशा तपासताना एक पंखा उलटा निघाला. पंख्याच्या ज्या बाजूला मोटर धरून ठेवणाऱ्या दांड्या असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. पुढचे आत, मागचा बाहेर, एवढं बघा. शंका असेल तर पेटती उदबत्ती जवळ धरा, धूर कुठे ओढला जातो ते दिसतं. अर्थात राख आत पडू देऊ नका.

शेवटचं काम बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये केलं, आणि दर उन्हाळ्यात करावं असं मला वाटतं ते हेच. प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्हच्या मॅन्युअल मर्यादांमध्ये पीपीटी, म्हणजे प्रोसेसरने जास्तीत जास्त किती वॅट घ्यायचे, हा आकडा असतो, तो ८८ वरून ६५ वॅट केला. फरक ४९ वरून ३८ वर आला आणि ४० मिनिटांचा रेंडर ४३ मिनिटांत होऊ लागला. तीन मिनिटं देऊन अकरा अंश मिळाले. शेवटचे थोडे मेगाहर्ट्झ मिळवायला प्रोसेसर भरमसाट वीज खातो, म्हणून ते सोडून दिले तर नुकसान थोडं आणि आराम मोठा. बायोसमध्ये हा पर्याय सापडत नसेल तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये, प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंटखाली, मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट १०० ऐवजी ९९ टक्के करा. त्याने बूस्ट (मूळ वेगापेक्षा वर जाणं) बंद होतं आणि प्रोसेसर मूळ वेगावर थांबतो. हा उपाय जरा ढोबळ आहे, वेग जास्त जातो, पण अडलेल्या दिवशी काम निभावून नेतो.

मोठा टॉवर हीटसिंक घेतला असता तर यातलं काही करावं लागलं नसतं का? प्रोसेसर थंड राहिला असता, हो. पण मशीन दुपारी बंद पडतच राहिलं असतं, कारण रोग एसएमपीएसमध्ये होता. हीटसिंक घ्यायचाच असेल तर वरची सगळी कामं झाल्यावर, उरलेला फरक बघून ठरवा.

आता कॅबिनेटच्या बाजूच्या पॅनलला आतून एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर तारीख, खोलीचं तापमान, प्रोसेसरचं तापमान, फरक आणि दुपारचा व्होल्टेज. शेवटची ओळ: खोली ३८, प्रोसेसर ७६, फरक ३८, व्होल्टेज १९८, रेंडर पूर्ण. फरक ४३ च्या वर गेला की जाळी धुवायची, हे दादाने खाली लाल पेनाने लिहून ठेवलं आहे.